नवा पंप बसवूनही गाडी तापली की बंद पडते? आधी टाकीकडून बघत या

सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. २०-२५ मिनिटं काही तक्रार नसते. मग चढ लागला किंवा मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की एक झटका बसतो, पाठोपाठ दुसरा. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही आणि इंजिन बंद पडतं. बाजूला घेऊन १५ मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

कार्बोरेटरवाली जुनी गाडी सांभाळणाऱ्याला हे दुखणं कधी ना कधी गाठतंच, आणि पहिला संशय बहुतेक वेळा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर जातो. माझाही गेला. दीड वर्षात मी दोन पंप बदलले. पहिला बदलल्यावर थंडीचे दिवस बरे गेले, उन्हाळा लागताच दुखणं परत आलं. दुसरा बसवल्यावर तर गाडी २५ ऐवजी १२ मिनिटांतच बंद पडायला लागली. पंप नवा असताना त्रास वाढला कसा, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता, कारण दोष कुठे आहे ते त्यातच दिसत होतं. ज्यांनी पंप बदलूनही फरक पडलेला नाही, किंवा जे आता बदलायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

पाना हातात घेण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंतही पोचते. शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे गार हवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काम मोकळ्या हवेत करा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. चाचणीसाठी सेल्फ मारायचा असेल तेवढ्यापुरतीच ती जोडा. बल्बवाला हातदिवा वापरू नका, तो खाली पडून फुटला की काम संपलं. एलईडी टॉर्च घ्या. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नको. तोंडाने पेट्रोल ओढणं कायमचं सोडा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

आधी ठरवा: पेट्रोल नाही की ठिणगी नाही

इग्निशन कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर हे ठिणगीच्या बाजूचे दोन्ही भाग तापल्यावर अगदी असंच वागतात. गरम झाले की दगा देतात, गार झाले की सुधारतात. कित्येक चांगले पंप कंडेन्सरच्या चुकीपायी भंगारात गेले असतील.

ओळखायची साधी रीत आहे, पण ती गाडी बंद पडल्या पडल्या करायला हवी, घरी आल्यावर नाही. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटलचा दांडा झटकन उघडा. ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जास्तीचं पेट्रोल उडवणारा कार्बोरेटरमधलाच छोटा पंप) असलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार उडताना स्पष्ट दिसते. जोरकस धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, पेट्रोल आहे, तुम्ही ठिणगीच्या मागे लागा. धार आलीच नाही किंवा थेंबथेंब आली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ॲक्सिलरेटर पंप नसलेले कार्बोरेटरही असतात, उदाहरणार्थ एसयू या ब्रिटिश कंपनीचे. तिथे फ्लोट चेंबरचं झाकण उघडून पातळीच बघावी लागते.

पंप ओढतो एका बाजूने, ढकलतो दुसऱ्या बाजूने

जुन्या गाड्यांचा यांत्रिक पंप, ज्याला मिस्त्री मंडळी ‘एसी पंप’ म्हणतात, इंजिनच्या ब्लॉकवर दोन बोल्टांनी बसवलेला असतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाची दांडी हलवतो, दांडी डायफ्रामला, म्हणजे पंपातल्या लवचीक पडद्याला, खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल येतं. डायफ्रामला परत वर ढकलते ती मात्र आतली स्प्रिंग. कार्बोरेटरची सुई, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारा व्हॉल्व्ह, बंद झाली की डायफ्राम खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. म्हणून या पंपाचा दाब इंजिनच्या वेगावर ठरत नाही, स्प्रिंगवर ठरतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत तो बहुधा २ ते ५ पीएसआय असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

आता यातून निघणारी गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझी दीड वर्षं तिच्यापायी गेली. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत पाइपात दाब असतो. तिथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, डाग पडतो, कुणालाही कळतं. टाकीपासून पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथली चीर चालत्या गाडीत टपकत नाही. ती हवा आत घेते. खाली पुठ्ठा ठेवून तो कोरडा निघाला म्हणून पाइप चांगला, असं ओढणाऱ्या बाजूबद्दल म्हणताच येत नाही.

त्यातच ओढीखाली पेट्रोल लवकर उकळतं. साध्या पेट्रोलचे हलके घटक उघड्यावरच ३५-४० अंशांना उकळायला लागतात. ओढीखाली ते त्याहून कमी तापमानालाच वाफ होतात, आणि डायफ्रामला वाफ ओढता येत नाही. यालाच आपण व्हेपर लॉक म्हणतो. लोक त्याचा दोष हवेतल्या उष्म्याला देतात. पण पाइप मोकळा असलेल्या गाडीला ज्या उन्हात काहीच होत नाही, त्याच उन्हात पाइप अर्धवट तुंबलेली गाडी बंद पडते. पंपाला जास्त जोरात ओढावं लागतं, म्हणून वाफ लवकर होते.

टाकीचं झाकण आणि टाकीतली नळी

एका मिनिटाची चाचणी: गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल जाईल तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीतच पोकळी तयार होते आणि पंप तिच्याशी झुंजत बसतो. झाकण साफ करा किंवा हवेची वाट असलेलं योग्य झाकण आणा. चुकीचं बंद झाकण बसवल्यामुळे ही तक्रार सुरू होणं अगदी नेहमीचं आहे.

दुसरी खूण अशी की टाकी भरलेली असताना गाडी छान चालते आणि अर्ध्यावर आली की रडते. अशा वेळी टाकीत उतरणाऱ्या नळीला वरच्या बाजूला गंजून बारीक भोक पडलेलं असतं. पेट्रोलची पातळी भोकाच्या वर असेपर्यंत काही होत नाही, खाली गेली की नळी पेट्रोलबरोबर हवाही ओढते. नळीच्या टोकाला जाळी असेल तर तीही बघा. बंद पडल्यावर गाळ जाळीवरून खाली बसतो आणि १०-१५ मिनिटांनी गाडी पुन्हा चालते, म्हणजे लक्षण हुबेहूब ‘तापल्या’सारखंच.

पंप मोजा, अंदाज करू नका

पंप वाईट आहे हे तो काढण्याआधी सिद्ध करता येतं. कॉइलकडे इग्निशनमधून येणारी बारीक वायर सोडून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाइप सोडून धातूच्या डब्यात घाला, डबा आणि वायरिंगमध्ये अंतर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. भरीव, ठोक्याठोक्याने येणारी धार दिसायला हवी. फेस किंवा बुडबुडे आले तर हवा कुठूनतरी शिरतेय.

किती पेट्रोल पुरेसं? ताशी ८० किमी वेगाने लिटरला १० किमी देणारी गाडी तासाला ८ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १३० मिली पिते. पंप धिम्या वेगावर मिनिटाला अर्धा लिटर देत असेल तर छोट्या इंजिनला ते भरपूर झालं. त्यानंतर पंपाच्या तोंडाला व्हॅक्यूम गेज लावा. बऱ्याच यांत्रिक पंपांकडून पाऱ्याचे किमान ६ ते १० इंच ओढ मिळायला हवी, आणि इंजिन थांबल्यावर काटा लगेच कोसळायला नको. कोसळला तर पंपातले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं, कारण पेट्रोल मागे टाकीकडे उतरून जातं.

डायफ्राम फाटला असेल तर पंप स्वतःच सांगतो. त्याच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल झिरपतं. हे भोक गळतंय म्हणून एम-सीलने बुजवलेले पंप मी पाहिलेत. कृपया असं करू नका. बाहेरची वाट बंद झाली की पेट्रोल दांडीच्या बाजूने इंजिनमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल न घालता पातळी वर चढली असेल तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचा घास घेतं, आणि क्रँककेसमध्ये साचलेली वाफ पेटू शकते. अशा गाडीचं ऑइल आणि फिल्टर पंपाबरोबरच बदलायचे, इथे काटकसर नको.

माझे दोन्ही काढलेले पंप या सगळ्यात पास झाले. ते मी नंतर टेबलावर तपासले, हेच चुकलं.

कॅनची चाचणी, आणि मला काय सापडलं

शेवटी मी पंपाच्या तोंडाशी टी-जोड लावून त्यावर व्हॅक्यूम गेज बसवला आणि गाडी जागेवरच गरम होऊ दिली. सुरुवातीला काटा जेमतेम हलत होता. वेग वाढवून तसाच धरून ठेवला तर काटा सावकाश वर सरकायला लागला. एक इंच, तीन, सहा. नऊच्या पुढे गेला आणि इंजिन गचके खाऊन बंद. मग मी काटा बघत उभा राहिलो. तो काही मिनिटं तसाच अडकून होता आणि मग हळूहळू शून्यावर आला. गाडी सुरू केली, झाली.

म्हणजे पंप ओढत होता, पण मागून येत नव्हतं. बुडबुडे नव्हते, म्हणजे चीरही नव्हती. कुठेतरी दरवाजा लागत होता.

खात्रीसाठी पंपाच्या तोंडाला नवा छोटा पाइप जोडून तो एका पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडला. कॅन इंजिनपासून, एक्झॉस्टपासून लांब आणि हलणार नाही असा ठेवला, आणि गाडी जागेवर उभीच ठेवली. कॅन घेऊन रस्त्यावर जायचं नाही, हे निक्षून सांगतो. कॅनवर गाडी ४० मिनिटं मधे एकदाही न अडखळता चालली. पंप निर्दोष, दोष मागे.

टाकीपासून पंपापर्यंतचा बराचसा मार्ग लोखंडी नळीचा असतो आणि फक्त दोन टोकांना रबरी पाइप असतात. लोखंडी नळी सोडून हवा मारली, मोकळी होती. टाकीकडचा रबरी तुकडा मात्र एक वीतभर लांबीचा, कापडी वेष्टणाचा, बाहेरून अगदी नेटका. वाकवून बघितला तरी चीर नाही. तो काढून ब्लेडने उभा चिरला तेव्हा सगळं कळलं. आतला पातळ थर बाहेरच्या जाड रबरापासून सुटला होता. एका ठिकाणी त्याची नखाएवढी पाकळी झाली होती, फक्त एका कडेला चिकटलेली. चाकूच्या टोकाने ढकलली तर ती उलटी पडून नळीचं तोंड जवळजवळ झाकत होती. बोटाला चिकट लागत होती आणि चोळल्यावर काळी शाई सुटत होती.

गाडी निवांत चालली की पाकळी कडेला राहायची. पंपाने जोर लावला की ती ओढीने दारासारखी बंद व्हायची. हा तुकडा सायलेन्सरच्या जवळून जात होता, त्यामुळे गाडी तापली की रबर अजून मऊ. इंजिन थांबल्यावर ओढ ओसरायची आणि पाकळी सुटायची. आणि नवा पंप जुन्यापेक्षा ताकदीचा असल्याने दार लवकर लावायचा, म्हणून २५ ची १२ मिनिटं झाली. एका वीतभर रबराने दोन चांगले पंप बदनाम केले.

पाइप निवडताना

जुन्या काळचं रबर आजच्या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं. ई-१० म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ई-२० म्हणजे २०. इथेनॉलने जुनं नायट्राइल रबर फुगतं, मऊ पडतं, आणि गाडी महिनोनमहिने उभी राहून सुकलं की कडक होऊन तडकतं. कॉर्कची पॅकिंग आणि जुने डायफ्रामही त्यातून सुटत नाहीत. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेलं चिकट किटण सोडवतं आणि ते सगळं फिल्टरकडे येतं. पेट्रोल बदलल्यावर पहिल्या काही टाक्यांत फिल्टर दोनदा बदलावा लागला तर नवल वाटू देऊ नका.

पाइपवर छापलेलं वाचा. एसएई (वाहनांची मानकं ठरवणारी संस्था) जे३०आर७ हा कार्बोरेटरच्या कमी दाबाचा पाइप. जे३०आर९ हा इंजेक्शनच्या गाड्यांचा, त्याच्या आत फ्लोरोइलॅस्टोमर या खास रबराचं अस्तर असतं आणि इथेनॉलपुढे ते कितीतरी चांगलं टिकतं. दाबाची गरज नसली तरी मी जुन्या गाडीला आर९च लावतो. तो थोडा ताठ असतो, तीव्र वळणात मुडपतो, म्हणून वळणाला जागा द्या. टाकीच्या आत बुडून राहणारा पाइप लागत असेल तर जे३०आर१० हवा. बाकीचे पाइप बाहेरून पेट्रोल सोसण्यासाठी नसतात, आत टाकले की त्यांची बाहेरची साल गळून पडते. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो पाइप कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका. पाण्याचा, हवेचा किंवा व्हॅक्यूमचा पाइप पेट्रोलला चालत नाही. दिसायला तेच वाटतात, महिन्याभरात रंग दाखवतात. कापडी वेष्टणाचा पाइप जुन्या इंजिनवर शोभतो हे खरं, पण वेष्टणाखालची चीर दिसत नाही. मूळ रूप जपायचंच असेल तर तो दर काही वर्षांनी न चुकता बदलायचा.

माप आतल्या व्यासाचं घ्या. ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी, तिथे ८ मिमीचा पाइप बसतो. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, तिथे ६ मिमीचा पाइप ताणून चढवावा लागतो. सैल पाइप क्लॅम्प आवळून घट्ट करायच्या भानगडीत पडू नका. रबराला बाजूला घडी पडते आणि ओढणाऱ्या बाजूला नेमकी त्या घडीतून हवा शिरते.

क्लॅम्पचंही तसंच. पट्टीला आरपार खाचा असलेला नेहमीचा वर्म क्लॅम्प बारीक पाइपाला कापतो. कडा बाहेर वळलेला, सपाट पट्टीचा, इंजेक्शनच्या पाइपाला वापरतात तो नट-बोल्टचा क्लॅम्प घ्या. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लॅम्प त्याच्या मागे बसला पाहिजे, अगदी कडेला नको. पाइपाच्या टोकापासून ३-४ मिमी आत ठेवा. रबर क्लॅम्पच्या बाहेर फुगून आलं तर जास्त आवळलंय. कापायला धारदार ब्लेड वापरा, करवतीचा भुसा थेट सुईच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

लोखंडी नळीकडेही एकदा शांतपणे बघा. ती जिथे क्लिपने चॅसिसला धरलेली असते, तिथे चिखल-पाणी साचून नेमकी क्लिपखालीच गंजते. क्लिप सोडल्याशिवाय ते दिसत नाही.

पंप खरंच बदलायचा असेल तर

मोजल्यावर पंप दोषी निघाला तर बदलायचाच. जुना काचेच्या वाटीचा किंवा स्क्रूने उघडणारा पंप असेल तर आधी दुरुस्तीच्या किटचा विचार करा. इथेनॉल सोसणारा डायफ्राम, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग घालून तो पुष्कळ वर्षं चालतो, आणि मूळ पंपाची दांडी तुमच्या कॅमला नक्की बसते. बाजारातल्या नकलांच्या दांड्यांचा वाक कधीकधी वेगळा निघतो. म्हणून जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून दांडीची लांबी आणि वाक ताडून बघितल्याशिवाय बसवू नका. किट घालताना वरच्या आणि खालच्या भागावर आधी खूण करून ठेवा, नाहीतर पाइपांची तोंडं भलत्याच दिशेला येतात. डायफ्रामचे स्क्रू आवळताना दांडी पूर्ण दाबून धरायची, म्हणजे डायफ्राम ताणला जाऊन फाटत नाही.

नळीचे नट सोडताना दोन पाने लागतात, एक नटाला आणि एक पंपावरच्या जोडाला. एकाच पान्याने जोर लावला की लोखंडी नळीच पिळवटते, आणि मग कामाला सगळा दिवस. फ्लेअर नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची नाही. तो जोड आट्यांवर नाही, शंकूच्या आकारावर बंद होतो, आणि टेपचा तुकडा सुटून कार्बोरेटरच्या सुईत अडकतो. बँजो जोड (पोकळ बोल्टने आवळलेला गोल जोड) असेल तर दोन्ही बाजूचे वॉशर नवे घाला.

पंप आणि ब्लॉकमध्ये जाड बेकेलाइटचा ठोकळा असतो तो जपून ठेवा. तो उष्णता अडवतो आणि दांडीचं अंतरही ठरवतो. तो गायब झालेल्या गाड्या मी पाहिल्यात. ठोकळ्याशिवाय पंप बसवला तर दांडी कॅमवर जास्त दाबली जाते, प्रसंगी तुटते. उलट तीन-चार पॅकिंग एकावर एक घातली तर दांडी पुरती हलत नाही आणि पंप अर्धपोटी चालतो. ज्या इंजिनमध्ये दांडीऐवजी पुशरॉड असतो, जसं फोक्सवॅगन बीटलमध्ये, तिथे पुशरॉडचं बाहेर येणारं टोक मोजून पॅकिंगची जाडी ठरवावी लागते.

बसवण्याआधी इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा दांडीपासून दूर न्या. पंप हाताने दाबल्यावर जवळजवळ पूर्ण बसला पाहिजे. मोठी फट राहून बोल्टनेच ओढून घ्यावा लागत असेल तर उंचवटा समोर आहे किंवा दांडी चुकीच्या बाजूला गेलीय. थांबा, काढा, पुन्हा लावा. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

बाहेर हातदांडी असेल तर तिने पेट्रोल चढवा, सेल्फ आणि बॅटरी वाचते. हातदांडी ढिली लागत असेल तर पंप बिघडलेला नाही. कॅमचा उंचवटा नेमका दांडीवर आलाय. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, कॅम अर्धा फेरा फिरतो आणि हातदांडीला जोर येतो.

टाकीजवळ बसणारा इलेक्ट्रिक पंप लावायचा विचार करणाऱ्यांना एवढंच सांगेन: तो ढकलतो, म्हणून व्हेपर लॉकवर खरंच चांगला, पण कार्बोरेटरला चालेल अशा कमी दाबाचाच घ्या आणि रिले, फ्यूज, चांगली अर्थ यांबरोबर धडक बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच बसवा. अपघातात इंजिन थांबल्यावरही पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ज्या गाड्यांत मूळचाच एसयूचा टिकटिक करणारा पंप आहे, त्यांच्या कानाला तर सोपं निदान आहे. किल्ली लावल्यावर टिकटिक हळू होत थांबली तर ठीक. भरभर चालूच राहिली तर तो पेट्रोलऐवजी हवा ओढतोय, किंवा टाकीच रिकामी आहे.

नव्या पंपानंतर उलटा त्रास

पंप बदलल्यावर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडतंय, काळा धूर येतोय, गरम इंजिन सुरू होत नाही, असं झालं तर दाब मोजा. नव्या पंपाची स्प्रिंग कडक असेल तर तिच्यापुढे सुईचा टिकाव लागत नाही. पण सुईलाच दोष देण्याआधी तिच्याखाली किटण अडकलंय का बघा, कारण पाइप हलवताना जुना कचरा सुटतोच. म्हणून मी पाइप बदलतो तेव्हा फिल्टर शेवटी, त्याच दिवशी बदलतो, बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेला ठेवून. पंपाआधीचा पारदर्शक फिल्टर चालत्या गाडीत अर्धाच भरलेला दिसतो म्हणून घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत तो तसाच दिसतो आणि काही अडत नाही. प्लॅस्टिकचा फिल्टर एक्झॉस्टच्या जवळ मात्र नको, तिथे धातूचा घ्या.

सगळं जोडून झाल्यावर १० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा आणि कोरडा टिश्यू प्रत्येक जोडाखाली फिरवा. ओल बोटाला कळत नाही, टिश्यूवर लगेच दिसते. गाडी बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा फिरवा. टाकी उंचावर असेल तर तेव्हा ओढणाऱ्या बाजूला पेट्रोलचं वजन येतं आणि चालत्या गाडीत हवा घेणारा जोड उभ्या गाडीत टपकू लागतो. १०० किमी झाल्यावर सगळे क्लॅम्प एकदा हाताने तपासा, नवं रबर थोडं बसतं.

माझ्या गाडीत व्हॅक्यूम गेज आणखी आठवडाभर तसाच ठेवला होता. ज्या चढावर ती हमखास थांबायची तिथे दुपारच्या उन्हात नेली, माथ्यावर पोचून इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. काटा एका इंचाच्या खाली होता. त्या संध्याकाळी टी-जोड काढला आणि टाकीकडच्या नव्या पाइपाला पत्र्याची छोटी पट्टी बांधून तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलं.